धुतलेले चार मग

खोटं तुम्ही बोललात, साहेब. टाउन हॉलच्या त्या कोंदट खोलीत, भेदभावाच्या कायद्यावरच्या सुनावणीत, समोर पाण्याचा जग ठेवून, बोटांत बोटं गुंफून, तुम्ही आम्हा सगळ्यांकडे इतक्या मायेनं बघत म्हणालात की इथे इंग्लंडमध्ये जातीचा प्रश्न आहे असं काही दिसत नाही. असेल तर उदाहरण द्या. एक तरी. ठोस. मग दीक्षा मोरे नावाची बाई उभी राहिली आणि तिला एकही धड सांगता आलं नाही, एक आमंत्रण यायचं थांबलं, एक मैत्रीण हळूहळू बिझी झाली, असलं काहीबाही ती बोलत राहिली, आणि तुम्ही हसून म्हणालात, 'फीलिंग्ज आर इम्पॉर्टंट. बट दे आर नॉट एव्हिडन्स.'

तर हे घ्या. एक बटण.

गोल, अ‍ॅल्युमिनियमचं, कडेला नाण्यासारख्या बारीक खाचा. दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या मागे बसवलेलं, आवाज कमीजास्त करायचं. त्यावर सुहासच्या बोटाचा ठसा उमटलाय, सनक्रीमचा, पांढरट, इतका स्पष्ट की रेषा मोजाव्यात. दीक्षा मघापासून त्याच्याकडेच बघतेय. गाडीचं छत उघडं आहे, मे महिन्याचं ऊन मांडीवर पडलंय, वारा केस ओरबाडतोय, उजवीकडून ते जगप्रसिद्ध दगड उभ्या उभ्या मागे गेले आणि सुहास म्हणाला, "बघ, स्टोनहेंज," आणि तिनं पाहिलं नाही. ठसा आवाज कमी करण्याच्या बाजूला किंचित ओढला गेलाय. म्हणजे बोट फिरलं, त्या दिशेला फिरलं, घाईनं फिरलं. असं पोलीस सांगतात ना, तसं तिला सांगता येईल. पण पोलिसांना सांगायचं काय? नवऱ्यानं आवाज कमी केला. कुणाचा? माझ्या बाबांचा. बरं, मग?

"व्हॉल्यूम फार होता गं," सुहास म्हणाला. तिनं काही विचारलंही नव्हतं.

"होता?"

"अख्ख्या कार पार्कला ऐकू गेलं असतं."

"गेलंच."

पुढे सुहासच्या मित्राची, स्वानंदची लाल गाडी, तिच्यात तो आणि त्याची बायको आशा, आणि मागे ही निळी. दोन गाड्या, दोन जोडपी, मिल्टन कीन्स ते कॉर्नवॉल. ही म्हणे रंगीत तालीम. खरा प्रयोग पुढच्या वर्षी, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, अशाच दोन उघड्या गाड्या भाड्यानं घेऊन. स्वानंद एकदा तिथे जाऊन आलाय आणि तेव्हापासून त्याला दुसरा विषय नाही. लाल डोंगर, सरळ रस्ता, मैलोन्‌मैल माणूस नाही. "तोवर इथलं साउथवेस्ट," तो म्हणाला होता, "साउथवेस्ट म्हणजे साउथवेस्ट, तिथलं काय नि इथलं काय! क्ले माइन्स आहेत बघ कॉर्नवॉलला, पांढरे डोंगर नुसते. गवताचं पातं नाही. फोटोत डिट्टो वाळवंट." आणि सुहास लहान मुलासारखा हसला होता. ही गाडी त्यानं त्यासाठीच घेतली, स्वानंदच्या गाडीच्या मागे चालवायला. हे तिला आज कळलं. नाही, आज नाही, कळलं आधीच होतं, आज दिसलं. मागे सीट नसलेली गाडी… यात बाबांना बसवता येणार नाही, असं ती शोरूममध्ये म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "बाबांना कुठे आवडतात असल्या गाड्या?" त्यानं बाबांना विचारलं नव्हतं.

सकाळी स्वानंदच्या दारात आशानं ताट आणलं. हळद, कुंकू, नारळ, आणि चाकांखाली ठेवायला लिंबं. "नव्या गाडीला पहिली मोठी ट्रिप, असं कोरडं कसं जाऊ द्यायचं?" आशा वाईट बाई नाही, साहेब, हे लिहून घ्या. तोंडानं फटकळ, मनानं मोकळी, दुसऱ्याच्या आजारपणात डबा घेऊन जाणारी. तिनं बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि दीक्षाच्या कपाळाकडे बोट आणलं, दीक्षा जरा मागे सरली, आशा म्हणाली, "अय्या, फाउंडेशन बिघडेल नाही का!" आणि सगळे हसले. दीक्षानं सुहासकडे पाहिलं. लग्नात ज्यानं तिच्या शेजारी उभं राहून, हात जोडून, खणखणीत आवाजात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या त्या माणसानं हँडब्रेक सोडला. तिच्या बाजूच्या चाकाखाली लिंबू फुटलं. ते तिला सीटमधून कळलं, पायाखाली काही जिवंत चिरडल्यासारखं.

"त्यांना बरं वाटतं," वळणावर तो पुटपुटला. "आपलं काय जातं?"

काय जातं… हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो पहिल्यांदा असाच गेला. स्वानंद-आशा जेवायला यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी. "भिंतीला रंग द्यायचाय," सुहास म्हणाला आणि फोटो वर अडगळीच्या बॉक्स रूममध्ये, इस्त्रीच्या टेबलामागे. रंग अजून दिला नाही. भिंतीवरचा फिकट चौकोन मात्र आहे, पाहुणे आले की तो झाकायला सुहास पुढे उंच लॅम्प ठेवतो. आडनाव मोरे, म्हणजे कुठलेही मोरे. ते त्याचं नशीब आहे असं तो समजतो. स्वानंद नवी कंपनी काढतोय आणि सुहासला पार्टनर घ्यायचं म्हणतोय. "अजून वर्षभर," सुहास सांगतो. "एकदा सगळं सेट झालं की कोणाला काय फरक पडतो?" एकदा सेट झालं की. तोवर कोण व्हायचं आम्ही, सुहास?

तिनं विचारलं नाही. ती विचारत नाही. तिनं फक्त ठशाकडे पाहिलं.

मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला चहाला थांबले तेव्हा सगळं किती छान होतं. छान होतं, हेच तर तिला सोसवेना. आशानं बास्केटमधून निळे एनॅमलचे चार मग काढले, खास अ‍ॅरिझोनासाठी घेतलेले, थर्मासातला आल्याचा चहा ओतला, आपल्या मगातला एक घोट घेऊन तोच मग दीक्षापुढे धरला. "बघ गं, साखर बरोबर आहे का? माझ्या जिभेचा काही भरवसा नाही, आमच्या ह्यांचं बोलणं ऐकून ऐकून कडू झालीय." दीक्षा त्याच मगातून प्याली. बरोबर आहे म्हणाली. मग तिनं आपला डबा उघडला, पहाटे उठून तळलेल्या, कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा. आशानं एक खाल्ली, मग दुसरी, मग बोटं चाटत म्हणाली, "तेलाला हात सढळ आहे हं! नागपूरकडची ना तू? तरीच. मला रेसिपी पाठव. आणि तुमचं कुलदैवत कुठलं गं?"

वडी खाताखाता विचारलं. सहज. हे लोक सहजच विचारतात.

"आम्ही ना फारसे रिलिजस नाही, वहिनी," सुहास दीक्षाच्या आधी म्हणाला.

"अरे, देव काय रिलिजस माणसांनाच असतो?" स्वानंद म्हणाला, पुन्हा सगळे हसले. दीक्षा मग घेऊन आत गेली, बेसिनमध्ये साबण लावून, गरम पाण्यानं, चारही मग स्वच्छ धुतले. आशा मागून ओरडत होती, "अगं राहू दे, पाहुणी का तू!" तिला ते शब्द आवडले. पाहुणी नाही. टिश्यूनं कोरडे करून, एकात एक घालून, तिनं ते बास्केटमध्ये ठेवले. लक्षात ठेवा, साहेब. चार मग. धुतलेले. मीच धुतले.

मग फोन आला.

सुहास स्वानंदला गाडीची सिस्टिम दाखवत होता. दारं उघडी, छत उघडं. "बारा स्पीकर्स आहेत. स्टिअरिंगवरूनच कॉल घ्यायचा," असं तो सांगत होता आणि तेवढ्यात खरंच रिंग वाजली, आणि स्वानंद म्हणाला, "घे की, घे! क्लॅरिटी ऐकू दे." दीक्षाचा फोन जोडलेला होता. सुहासनं नाव न बघता हिरवं बटण दाबलं.

"जय भीम, बेटा!"

बाबा ओरडूनच बोलतात. आयुष्यभर लेस्टरच्या बसचं स्टिअरिंग हातात, इंजिनाची घरघर कानात. कान गेले, आवाज उरला. बारा स्पीकर्समधून तो आवाज उघड्या गाडीतून वर उसळला आणि कार पार्कभर पसरला. कुठल्याशा कुत्र्यानंसुद्धा मान वळवली.

आणि बाबांची एक पद्धत आहे. जय भीमला जय भीम आल्याशिवाय ते पुढचं वाक्य बोलत नाहीत. लहानपणी ती शाळेतून येऊन दप्तर फेकून टीव्हीपुढे बसायची, ते दारात उभे राहून म्हणायचे, "जय भीम." उत्तर नाही आलं तर पुन्हा. मग पुन्हा. रागानं नव्हे, बसमध्ये चढलेला माणूस तिकीट दाखवेपर्यंत ड्रायव्हरनं थांबावं तसे थांबायचे. गावात त्यांच्या वडिलांना रामराम करायचीसुद्धा मुभा नव्हती, वाकून उभं राहायचं, बोलायचं नाही. म्हणून हे दोन शब्द एकानं म्हटले की दुसऱ्यानं परत करायचेच. ते वाट बघतात.

"जय भीम, बेटा? आवाज येतोय का?"

दीक्षा गाडीपासून दोन हातांवर उभी होती. आशाचा चेहरा तिच्याकडे होता. त्या चेहऱ्यावर काही नव्हतं — हेच, साहेब, हेच — काहीच नव्हतं, आत्तापर्यंत ज्या चेहऱ्यावर सतत काहीतरी चालू होतं त्याच्यावर. आणि सुहासचा हात गेला. त्या बटणाकडे. फिरला.

तिसरा जय भीम डबीत कोंडलेल्या माशीसारखा ऐकू आला.

"बाबा, नंतर करते," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. आणि सुहासनं फोन बंद केला.

"बाबा का?" आशा म्हणाली. "किती खणखणीत आवाज आहे गं!" स्वानंदनं चष्मा काढून शर्टाला पुसला, फार वेळ पुसला. मग "चला, पुढे ट्रॅफिक लागेल," आणि दारं लागली. बस. एवढंच झालं. कुणी काही वाईट बोललं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. घ्या, याचं काय करायचं ते करा.

"अर्थ कळणारे दोघंच तर होते तिथे," ती आता म्हणाली. डेव्हनमधली हिरवी टेकाडं एकामागून एक येत होती. "त्या दोघांसाठी कमी केलास."

"दीक्षा, प्लीज. दे आर अवर फ्रेंड्स."

"मग?"

"मग काय मग! तुला काय माहितीये? तू इथे वाढलीस. लेस्टरमध्ये कोणी तुला रँक विचारत नव्हतं. हॉस्टेलला पहिल्या दिवशी मी न् माझा रूममेट एका ताटात जेवलो होतो. कॅटेगरीसकट लिस्ट लागली, दुसऱ्या दिवशी त्याचा पलंग खिडकीपाशी. म्हणे उजेड पाहिजे अभ्यासाला. पूर्ण वर्ष त्या खिडकीचा पडदा बंद होता. सांगितलंय ना मी तुला?"

सांगितलं होतं. लग्नाआधी, एकदाच, अंधारात. तेव्हा तिला त्याची इतकी माया आली होती की तिथेच तिनं मनात हो म्हटलं. आणि आता तीच गोष्ट तो परवान्यासारखी काढून दाखवतोय… नाही, हेही खरं नाही. त्याला भीती वाटते. माझा नवरा भित्रा नाही, भ्यायलेला आहे, या दोन्हींत फरक आहे. पण त्या फरकाचं बाबांनी काय करायचं, लेस्टरच्या खोलीत, फोन हातात धरून?

सकाळभर दोन्ही गाड्यांमध्ये हँड्सफ्रीवर गप्पा चालल्या होत्या. हे बघ, ते बघ, त्या ट्रकवाल्याला ओव्हरटेक कर. आता पुढची लाल गाडी मुकी झाली होती.

"सिग्नल नसेल," सुहास म्हणाला.

तिच्या फोनवर सिग्नल होता.

पांढरे डोंगर खरंच होते. मोठा रस्ता सोडून गल्लीबोळातून वर चढले आणि समोर अचानक ते उभे राहिले, शंकूसारखे, गवत नाही, झाड नाही, मधे एका खड्ड्यात पाणी साचलेलं, टूथपेस्टच्या रंगाचं. वारा असा की उभं राहवेना. स्वानंदचा आवाज परत आला होता, जरा जास्तच. "ही सगळी चायना क्ले. इथली माती जगभर जाते. तुमच्या सगळ्या महाग कपबश्या, त्या याच्या!"

कपबश्या… बाबांच्या घरी काचेचं कपाट आहे, त्यात कपबश्या, कड सोनेरी, पातळ, उजेडासमोर धरल्या तर पलीकडची बोटं दिसतात. गॅसमीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा बाबा त्यातूनच चहा देतात. गावच्या चहाच्या टपरीला आमच्या माणसांसाठी कान तुटलेला कप असायचा, बाहेर खिळ्याला टांगलेला, आपला आपण धुवून ठेवायचा. हे बाबा सांगत नाहीत. आई सांगायची. बाबा फक्त कपबश्या घेतात. म्हणजे ती सोनेरी कड इथून निघाली, या भोकातून. दीक्षाला हे बाबांना सांगावंसं वाटलं, आत्ता, या क्षणी. आणि आठवलं की त्यांना सांगायच्या आधी एक उत्तर द्यायचं राहिलंय.

"चहा!" आशानं हाक मारली.

तिनं बास्केट बॉनेटवर ठेवली होती, कुंकवाच्या फिकट स्वस्तिकाशेजारी. थर्मास काढला. आणि मग बास्केटच्या तळातून कागदी कपांची चळत. चार कप मांडले. चौघांना चार. स्वतःलाही कागदी, स्वानंदलाही. सगळ्यांना सारखे, साहेब. तुमच्या कायद्यात चोख बसतील असे.

निळे मग तिथेच होते. एकात एक, जसे तिनं ठेवले होते तसे. टिश्यूचा एक तुकडा अजून कडेला चिकटलेला.

दीक्षा त्यांच्याकडे बघत राहिली आणि आशानं तिला बघताना पाहिलं. "या वाऱ्यात मग कुठे सांभाळायचे गं," आशा म्हणाली. घाईनं नाही. अगदी सहज. आणि तेवढ्यात वाऱ्यानं एक कागदी कप उडवला, चहासकट, स्वानंदच्या पँटवर. "अगं आई गं!" तो नाचला, आशा खळखळून हसली, दुसरा कप कलंडला, तो तिनं झटकन पकडला. ते निळे मग उडाले नसते. ते जड असतात. हे चौघांनाही दिसलं. सुहासनं मगांकडे पाहिलं, मग दीक्षाकडे, तिच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तो मोठ्यानं म्हणाला, "पेपर कप्सच बेस्ट, वहिनी. धुवायची कटकट नाही."

तिनं डबा पुढे केला. का केला, तिला माहीत नव्हतं, माहीत होतं. "घ्या ना. उरल्यात भरपूर."

"पोट टम्म आहे गं," आशा म्हणाली, पोटावर हात फिरवून. "सकाळीच दोन हाणल्या नाहीत का!"

असेल. पोट भरलं असेल. ते मग घाणेरडे वाटले असतील, सर्व्हिसेसच्या बेसिनमधले, टॉयलेटशेजारचे. आशाला तसला सोस आहे. सिग्नलही नसेल. खिडकीत खरंच उजेड असेल. प्रत्येक गोष्टीला एक निराळं, चांगलं, पटणारं कारण आहे, आणि सगळी कारणं एका फोननंतर, नाहीतर एका लिस्टनंतरच सुचलीत. आता रात्री भाड्याच्या कॉटेजमध्ये एकच स्वयंपाकघर. उद्या पुन्हा एकच बास्केट. आणि पुढच्या वर्षी वाळवंट, जिथे मैलोन्‌मैल माणूस नाही, आणि तिथेही सुहास बटणाजवळ हात ठेवून बसणार.

ती गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हरच्या सीटवर. चावी सुहासच्या खिशात असली तरी ही गाडी चावी जवळ असली की चालू होते. ती चालू झाली, पडदा उजळला, फोन जोडला गेला. तिनं ते गोल बटण धरलं. सनक्रीमचा ठसा तिच्या अंगठ्याखाली गेला, पुसला गेला, घ्या, होता तोही पुरावा गेला, आणि तिनं बटण फिरवलं, उजवीकडे, जाईल तितकं. पडद्यावर नाव होतं: बाबा. ते बसले असतील. रागावले नसतील. थांबले असतील.

दिवसभर तिला वाटत होतं की तिच्यावर काहीतरी झालंय. आशानं केलं, सुहासनं केलं. आता अंगठा त्या नावावर ठेवून ती बसली तेव्हा आत कुठेतरी वेगळीच चीड उगवत होती, थंड, जवळजवळ स्वच्छ… तिसऱ्या जय भीमला आवाज बारीक होता, पण मला ऐकू आला होता. बटण सुहासनं फिरवलं. तोंड माझं होतं.

"दीक्षा." सुहास दारापाशी आला होता. मागे आशा आणि स्वानंद बास्केट आवरत होते, वाऱ्यात शब्द पोचतील इतक्या अंतरावर. त्यानं स्क्रीन पाहिली. बटणाकडे पाहिलं. त्याचा हात उघड्या दारावरून आत आला आणि मध्येच थांबला, हवेत, दोन्ही सीटच्या मधे. "इथे नको. रात्री कर ना. प्लीज."

"हात काढ. नाहीतर बस इथे. पण आधी सांग, सुहास, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून?"

त्याचा हात तिथेच.

आणि तुम्ही, साहेब. तुम्हाला उदाहरण हवं होतं. एक लिंबू, एक बटण, एक पुसलेला ठसा, कागदाचे चार कप सगळ्यांना सारखे, आणि चार मग, मी धुतलेले, कोरडे, त्यानंतर कुणी तोंड न लावलेले. यातलं काहीही सिद्ध होत नाही, मला माहितीये. मला फक्त एक विचारायचंय, आणि या वेळी हसू नका, घड्याळाकडे बघू नका. बाबांचं उत्तर माझ्याकडे थकलंय, ते मी देईन. पण ते मग का उचलले गेले नाहीत? तुम्ही सांगा. मी थांबलेय. सांगा.